संबंधाचा रकाना

४ जानेवारी, गुरुवार

मुलगा गेल्यापासून वही उघडली नव्हती. चार वर्षं झाली. लिहायला काही कारण लागतं, ते आज चुलतभावाच्या पत्रानं आलं. हा आमच्या घराण्याचं पुस्तक काढतोय, सात पिढ्यांचं, वंशवृक्षासकट. मी त्याचं नाव ग्रंथकार ठेवलंय, त्याला माहीत नाही. त्याचा हुकूम असा: "तुझ्या शाखेचा तक्ता मार्चअखेर पाठव. आणि थोरल्या पणजीच्या मृत्यूची तारीख तेवढी शोधून काढ. तू तिथेच राहतोस आणि रिकामाच आहेस." स्वतः दोन दिवसांच्या प्रवासावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण रिकामा आहे हे खरंच आहे, त्यामुळे रागही धड येईना.

थोरली पणजी म्हणजे पणजोबांची पहिली बायको, माझ्या आजोबांची सख्खी आई. आजोबा पाच वर्षांचे असताना बाळंतपणात गेली, एवढंच घरात माहीत. तिचा फोटो नाही. भिंतीवर आहे तो पणजोबांचा आणि धाकट्या पणजीचा, म्हणजे दुसऱ्या बायकोचा. ओठ घट्ट मिटलेले, नजर अशी की आपणच काहीतरी चोरलंय. आजोबा तिच्याविषयी एकच गोष्ट सांगायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांना शेजारणीकडे टाकून, घराला कुलूप लावून बया निघायची ती तिन्हीसांजेला उगवायची. कुठे जाते विचारायची सोय नाही. "सावत्र ती सावत्रच," म्हणायचे आणि पुढचा घास घ्यायचे.

७ जानेवारी, रविवार

तक्ता काढून टेबलावर पसरला. छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो, शहराच्या पोटातले सगळे नळ माझ्या हातून कागदावर उतरलेत. तेव्हा घराण्याचा तक्ताही मी ट्रेसिंग पेपरवर, शाईनं, पट्टी लावूनच काढलाय. खाली डाव्या बाजूला मी आणि आता नसलेली आमची ही. आमच्याखाली मुलगा. त्याच्या खाली रेघ बंद. नळ जिथे संपतो तिथे आम्ही एक आडवी दांडी काढायचो, तशी दांडी काढलीय.

मुलाच्या नावाशेजारी एक पांढुरका डाग आहे. तिथलं त्याच्या बायकोचं नाव मी ब्लेडनं खरवडलं, दोन वर्षांपूर्वी. ती दुसरं लग्न करतेय असं सांगायला आली होती, त्याच संध्याकाळी. काम साफ झालंय, कागद फाटला नाही. खरवडलेल्या जागी पुन्हा लिहू नये, शाई फुटते, हे शिकाऊ पोरालासुद्धा ठाऊक असतं. पण पुन्हा लिहायचंच नाही तर फुटेल कशाला!

११ जानेवारी, गुरुवार

ती आली. डबा ठेवला. अर्धा तास बसली. गेली.

भाजीत मीठ कमी. नेहमीचंच. इतकी वर्षं झाली, साधं मीठ टाकता येत नाही बाईला.

तिचा नवरा खाली स्कूटरपाशी उभा असतो, दोन्ही हेल्मेटं हातात धरून. मी कधी वर बोलावलं नाही आणि तोही कधी आला नाही. दोघांचंही बरं चाललंय.

१६ जानेवारी, मंगळवार

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेलो. १९०३ सालचं मृत्यूंचं पुस्तक पानन् पान पाहिलं. भिंग धरून धरून मनगट भरून आलं. पणजी नाही. १९०२ पाहिलं, १९०४ पाहिलं. नाही म्हणजे नाही.

कारकून मिश्कील निघाला. म्हणाला, "काका, त्या साली बाई गेल्याच नसतील. आमच्याकडे मेल्याशिवाय नोंद होत नाही."

मी म्हटलं, "मग पणजोबांनी १९०४ मध्ये दुसरं लग्न कसं केलं?"

"ते त्यांना विचारा," म्हणाला, आणि जन्मांचं पुस्तक काढून दिलं. त्यात सापडलं. ऑगस्ट १९०३, मृत मूल, मुलगी, आईबापांची नावं आमचीच. समासात बारीक अक्षरात काहीतरी होतं. मला ते वाचता येईना, पण तसं कबूल कोण करणार? "जरा उजेड कमी आहे इथे," म्हटलं. त्यानंच वाचलं: "माता टेकडीवरील इस्पितळात पाठविली."

टेकडीवरचं इस्पितळ म्हणजे वेड्यांचं. आता त्याचं नाव बदललंय. पण लहानपणी आम्ही दंगा केला की आई म्हणायची, टेकडीवर पाठवीन हं. सगळ्या गावातल्या आया तेच म्हणायच्या. घरी येऊन फोटोकडे बराच वेळ बघत बसलो. पणजोबांचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे.

१७ जानेवारी, बुधवार

ग्रंथकाराला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे पुस्तकात येणार नाही. तारीख तेवढी आण." मी म्हटलं, आडात असेल तसं पोहऱ्यात येईल. त्यानं फोन ठेवला.

२५ जानेवारी, गुरुवार

ती आली. डबा. माझ्या समोर भिंग पाहिलं आणि उठून डोळ्यांचा कागद शोधून आणला. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगून वर्ष झालं, असं म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "दिसत नाहीये म्हणूनच काढायचाय, बघू काय?" जिभेला हाड नाही. पूर्वीही नव्हतं. मुलगा हसायचा तिच्या अशा बोलण्याला.

ती मला हल्ली काही म्हणत नाही. आधी 'बाबा' म्हणायची. लग्नाचं सांगायला आली तेव्हा मीच म्हटलं होतं की आता या घराशी तुझा संबंध संपला, बाबा म्हणायचं कारण नाही. तेव्हापासून नुसतं क्रियापदावर भागवते. "जेवून घ्यायचं." "गोळी विसरायची नाही." कुणाला बोलतेय ते भिंतीनं समजून घ्यावं.

३० जानेवारी, मंगळवार

टेकडीवर जाऊन आलो. बस शेवटच्या थांब्यावर सोडते, मग वीस मिनिटं चढ. दोनदा बसलो वाटेत.

जुनी दप्तरं स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आहेत. तिथल्या रेकॉर्डवाल्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांनी तोंडाला फडकं बांधलं, मलाही एक दिलं. "इथे नातेवाईक येत नाहीत," म्हणाल्या. "जिवंत माणसांचे येत नाहीत तर मेलेल्यांचे कुठले?" अर्ज वाचला, शिडीवर चढल्या आणि बाडं खाली देत गेल्या.

सापडली. १९०३, सप्टेंबर. वय सव्वीस. "मृत मूल झाल्यापासून बोलणे बंद. अन्न घेत नाही." आणणार: पती. पणजोबांची सही मी ओळखतो, घराच्या कागदांवर तीच आहे. मग बाई म्हणाल्या, "भेटीची वही पाहायची?" प्रत्येक वॉर्डाची वेगळी वही असायची. कोण आलं, कुणाला भेटलं, राहणार कुठे, नातं काय, सोबत काय आणलं, यायची वेळ, जायची वेळ. बायकांच्या वॉर्डाला महिन्यातून एकच दिवस भेट.

१९०३ कोरं. १९०४ कोरं. आसपासच्या बायकांना आई येतेय, भाऊ येतोय. आमच्या पणजीला कोणी नाही. मला पणजोबांचा संताप आला. मग १९०५ च्या मार्चमध्ये एक ओळ. अंगठ्याचा ठसा. त्याच्यापुढे 'एक बाई'. राहणार: आमचीच गल्ली. संबंध: 'कोणी नाही'. सोबत: डबा. अर्ध्या तासानं गेली. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. मेमध्ये पुन्हा तेच. पुढे वर्षभर तेच.

आली. डबा. अर्धा तास. गेली.

एकदम हलकं वाटलं. पणजोबांनी घरची मोलकरीण पाठवली असणार दर महिन्याला. तोंड दाखवायची हिंमत नसेल, पण सोडलं नव्हतं माणसानं. रेकॉर्डवाल्या बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "पाठवलेलं माणूस इतकं नेमानं येत नाही हो." म्हटलं, तुम्हाला आमचे पणजोबा माहीत नाहीत. त्या म्हणाल्या, "ते खरं." बाकीच्या वह्या पुढच्या खेपेला. अक्षरं पुढे फारच पुसट होत गेलीयत.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ती आली. डबा ठेवला. आज बसायच्या आधीच बोलली. नवऱ्याची बदली झालीय. महिनाअखेर निघणार. बसनं सहा तासांवर.

"बरं," म्हटलं.

"त्याच्या आत डोळा करून घेऊ. वीस तारीख घेतलीय."

"मला न विचारता?"

"विचारून वर्ष झालं."

गेली. खिडकीतून पाहिलं, नवऱ्याला काहीतरी सांगत होती, आणि त्यानं वर पाहिलं. मी बाजूला झालो. डबा अजून उघडला नाही. बदली तर बदली. मला काय करायचंय? भाजीत मीठ तरी आपल्या मनासारखं पडेल.

११ फेब्रुवारी, रविवार

काही नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर कुणाशी बोललो नाही हे संध्याकाळी लक्षात आलं. दूधवाल्याला "आज अर्धा लिटर" म्हटलं तेव्हा घसा खरखरला. म्हणजे सकाळपासूनचं ते पहिलं वाक्य.

२४ फेब्रुवारी, शनिवार

डोळा झाला. चार दिवस लिहायची मनाई होती. आजही तिरकं तिरकं लिहितोय.

वीस तारखेला सकाळी ती रिक्षा घेऊन आली. फॉर्म तिनंच भरले, माझ्या डोळ्यांत औषध घातलं होतं, मला काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. खाण्यात मीठ चांगलं सांभाळलंय तुम्ही." मी म्हटलं, मी काही सांभाळलेलं नाही. ती शेजारीच होती.

ऑपरेशन झाल्यावर मला बाकावर बसवलं. तेवढ्यात नर्स दारात येऊन कागद वाचत मोठ्यानं ओरडली, "या आजोबांच्या ओळखीच्या बाई कुठेयत? ओळखीच्या बाई!"

सगळा व्हरांडा ऐकतोय. ती उठली. "मीच," म्हणाली.

म्हणजे फॉर्मवर तिनं तसं लिहिलं होतं. नातं: ओळखीची. असा राग आला! सात वर्षं घरात वावरलीस, मुलाच्या उशाशी अकरा महिने बसलीस, आणि ओळखीची? शेजारच्या दुकानदाराची आणि माझी ओळख आहे! पण मग आठवलं की संबंध संपला असं मीच म्हटलं होतं. दुसरं काय लिहिणार ती तरी? तरीही राग जाईना. कुणावर होता तो, ते अजून ठरत नाहीये.

चारही दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन थेंब घालून गेली. थेंब घालताना तिचा हात कपाळावर टेकतो. मी डोळा मिटून धरतो, मग ती म्हणते, "उघडायचा." मी उघडतो.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

आज निघाले ते. ट्रक सकाळी गेला म्हणे, मग दोघं इकडे आली. तो नेहमीसारखा खालीच. तिनं नवा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला. थेंबांच्या वेळा लिहून चिकटवल्या. जेवणाचे डबे चार दिवसांचे. मी म्हटलं, "जपून जा." एवढंच. यापेक्षा जास्त काहीतरी म्हणायचं होतं पण ते शब्दात येईपर्यंत ती जिना उतरली होती.

तिचे सहा डबे माझ्याकडे राहिलेत. मी एकही कधी आपणहून परत दिला नव्हता, तीच उचलून न्यायची.

५ मार्च, मंगळवार

पुन्हा टेकडीवर. आज चढताना झाडांची पानं एकेक वेगळी दिसत होती. भिंगाची गरजच पडली नाही. तेच बाड, तीच शाई, मागच्या खेपेला नुसता धुरळा दिसत होता.

१९०५ ते १९११ अंगठाच आहे. 'एक बाई', 'कोणी नाही'. मग १९११ च्या जूनमध्ये अंगठा नाही. सही आहे. वेडीवाकडी, प्रत्येक अक्षर दुसऱ्याला धरून चालल्यासारखं. मी ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. रेकॉर्डवाल्या बाईंना म्हटलं, "हे काय लिहिलंय वाचता का?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेन. त्यांनी वाचलं. तेच नाव.

भिंतीवरच्या फोटोतली. ओठ मिटलेली. धाकटी पणजी.

त्या महिन्यापासून सगळे रकाने तिच्याच हातचे. कारकुनाचं 'कोणी नाही' बंद. संबंधाच्या रकान्यात तिनं लिहिलंय: 'बहीण'.

मी तारखांचे वार काढले. सगळे सोमवार, पहिले सोमवार. चार जानेवारीला मी स्वतःच्या हातानं या वहीत लिहिलंय की नाही? लिहिलंय! आणि पाठवलेली मोलकरीण म्हणे. स्वतःला शहाणा समजत होतो. इतक्या वर्षांत आम्हा कुणाच्या डोक्यात एकदाही आलं नाही की बया जाते कुठे.

७ मार्च, गुरुवार

कुणी आलं नाही. येणारच नव्हतं. तरी चार वाजता दोन कप बाहेर काढून ठेवले होते.

१२ मार्च, मंगळवार

रेकॉर्डवाल्या बाईंनी डॉक्टरांच्या नोंदींचं बाड शोधून ठेवलं होतं. इथे उतरवून घेतो, म्हणजे हरवणार नाही.

१९०६: "प्रकृती सुधारली. बोलते. घरी नेण्यास हरकत नाही. पतीस पत्र." त्याच वर्षी पुढे: "पतीस दुसरे पत्र. उत्तर नाही." १९०७: "तिसरे पत्र. उत्तर नाही."

१९०९: "रुग्ण शांत. लिहिता-वाचता येते. भेटीस येणाऱ्या बाईस पाटीवर अक्षरे गिरवावयास लावते. बाई चुकल्यास रागावते."

इथे मी थांबलो. अर्धा तास असायचा दोघींना महिन्याकाठी. तेवढ्यात जेवण, आणि तेवढ्यात शाळा. एकीचा नवरा आणि पोर दोन्ही दुसरीकडे गेलेले, आणि ही त्याच दुसरीला अक्षर काढायला शिकवतेय, चुकलं की रागावतेय. वेडी म्हणे. सगळ्या घरात शहाणी तेवढी तीच असेल.

१९२२, म्हणजे पणजोबा गेले ते साल: "भेटीस येणाऱ्या बाईने रुग्णास घरी नेण्याची परवानगी मागितली. रुग्ण नको म्हणते. मुलाला आता काय सांगणार, असे म्हणते."

१९३१, नोव्हेंबर: मृत्यू, न्यूमोनिया, वय चौपन्न. प्रेत ताब्यात घेणार: बहीण. तीच सही. तोवर अक्षर चांगलं वळणदार झालं होतं.

मी मोजल्या. दोनशे सत्त्याण्णव भेटी. आजोबा मरेपर्यंत सावत्र सावत्र करत राहिले, आणि त्यांच्या आईला भेटून आलेली बाई संध्याकाळी त्यांनाच जेवायला वाढत होती. त्यांना कळलंच नाही. मला कळलं तर सांगायला घरात कुणी नाही. रेकॉर्डवाल्या बाईंसमोर रडलो. त्यांनी तोंडाचं फडकं सोडून दिलं, म्हणाल्या, "धूळ फार आहे इथे." भल्या बाई आहेत.

१९ मार्च, मंगळवार

तक्ता पूर्ण केला. थोरल्या पणजीपुढे तारीख घातली. दोघींच्या मध्ये एक रेघ काढली. अशी रेघ कुठल्याच वंशवृक्षात नसते, त्यामुळे खूण कुठली वापरावी हा प्रश्न होता. शेवटी नळांच्या नकाशात दोन टाक्या एकमेकींना जोडलेल्या दाखवायला काढायचो ती वापरली.

मग डाग. खरवडलेली जागा नखानं अर्धा तास घासली, गुळगुळीत होईपर्यंत. पूर्वी आम्ही असंच करायचो, साहेबाला कळू नये म्हणून. पेन बारीक घेतला, शाई कमीत कमी, आणि मुलाच्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं.

फुटली. दुसऱ्या अक्षराला फुटली आणि सगळ्या बाजूंनी बारीक बारीक पाय पसरले. छत्तीस वर्षांत असलं गचाळ काम माझ्या हातून गेलं नव्हतं. नवा कागद घेऊन सगळं पुन्हा काढावं म्हणून उठलोही. मग राहू दिलं. खरवडलं मी, तर डागही माझाच.

२३ मार्च, शनिवार

ग्रंथकाराचा फोन. तक्ता पोचला.

"तारीख मिळाली, छान. पण ते टेकडीबिकडी काढून टाकलंय मी. आणि तुझ्या मुलाच्या शेजारी काय सांडलंय?"

"सांडलं नाही. सून आहे ती."

"तिनं दुसरं लग्न केलं ना? आपला नियम आहे, दुसऱ्या घरात गेलेल्या—"

"मग धाकट्या पणजीचंही नाव काढ. ती तर आजोबांची कोणीच नव्हती."

"असं कसं? तिनं घर सांभाळलं."

"हो ना," म्हटलं. "मग आता एक तर सगळं छापायचं, नाहीतर आमची शाखाच गाळायची. मधलं काही मला चालणार नाही."

तो म्हणाला, विचार करून कळवतो. शाखा गाळेल बहुतेक. गाळू दे. घरात पुस्तक नाही आलं तर धूळ तेवढी कमी.

३१ मार्च, रविवार

तीनदा फोन हातात घेतला. काय म्हणणार? डबे राहिलेत तुझे, असं? पणजीची गोष्ट फोनवर सांगायची नाही. त्या बाईनं कुणाला फोन केला नव्हता, उठून गेली होती.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळी सहाच्या बसनं निघालो. पाच डबे धुऊन पिशवीत, सहाव्यात बटाट्याची भाजी, माझ्या हातची. चाखून पाहिली तर मीठ जास्त झालं होतं. हात सुटला.

दुपारी पोचलो. पत्ता कपाटावरून काढून खिशात घेतला होता. मोठी वसाहत, तिच्या इमारतीच्या जिन्याशीच पहारेकऱ्याची खोली, खिडकीत वही. पहारेकरी म्हणाला, "लिहा." मी वही पुढे ओढली. नाव. कुणाला भेटायचं. कुठून आलात. नातं. यायची वेळ. जायची वेळ.

मला हसू आलं आणि पेन नुसतंच धरून उभा राहिलो. पहारेकऱ्याला वाटलं मला लिहिता येत नाही. "सांगा, मी लिहितो," म्हणाला बिचारा.

"नको," म्हटलं, "मला येतं." आणि संबंधाच्या रकान्यात लिहिलं: सासरा.

त्यानं वही फिरवून वाचली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. "आजोबा, त्या ताईंचे सासरे तर वरच राहतात. रोज सकाळी फिरायला जातात माझ्यासमोरून."

"असतील," म्हटलं. "मी आधीचा."

त्याला काही समजलं नाही. त्यानं फोन लावला. "ताई, खाली तुमचे सासरे आलेत... नाही नाही, ते नव्हे, हे म्हणतायत की आधीचे." मग त्यानं फोन कानावरून काढला. म्हणाला, "ठेवला त्यांनी." मी पिशवी उचलली. वाटलं, संपलं. परतीची बस साडेतीनची आहे, ती मिळेल.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. लिफ्ट असताना जिन्यानं आली, अनवाणी, हाताला पीठ. दोन पायऱ्या वर थांबली आणि माझ्याकडे, पिशवीकडे, पुन्हा माझ्याकडे बघत राहिली.

"डबे द्यायचे राहिले होते," म्हटलं.

"डबे द्यायला सहा तास?"

"एकात भाजी आहे. मीठ जास्त झालंय."

मग ती रडायला लागली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला मीठ चालत नाही." दोन वर्षांनी म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे, डॉक्टर बोलले. तिच्यामागून तिचा नवरा उतरला. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. साधा माणूस आहे, पुढचे केस गेलेत. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. त्याला म्हटलं, "तुम्ही आमच्याकडे खालीच उभे राहायचात. माझं चुकलं." तो म्हणाला, "वर चला आधी."

चढताना पहारेकऱ्यानं मागून हाक मारली. वहीत जायची वेळ टाकायची राहिलीय, अंदाजे तरी सांगा म्हणाला. टेकडीवरच्या वहीत तो रकाना एकदाही रिकामा नव्हता. दोनशे सत्त्याण्णव वेळा, अर्धा तास झाला की भरलेला.

मी घड्याळाकडे पाहिलं. ती वरूनच म्हणाली, "राहू द्या तो. ते आज जात नाहीयेत."

हे तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितोय. दुसरे सासरे समोर बसून पेपर वाचतायत. त्यांनाही भाजीत मीठ कमीच लागतं म्हणे. जेवण झालं की मी तिला दोघी पणज्यांची गोष्ट सांगणार आहे.